विचारा फ्रिजवाल्या काकांना : आधी भिंत बघा, मग कॉम्प्रेसर

प्रश्न : नमस्कार काका. आमच्याकडे आजेसासऱ्यांनी कॅम्पातल्या एका बंगल्याच्या लिलावात घेतलेलं सागवानी बर्फाचं कपाट आहे. चार फूट उंच, अडीच फूट रुंद, दीड फूट खोल. वर बर्फाचा कप्पा, खाली दोन जाळीच्या फळ्या, आतून पत्रा, बाहेर पितळी कड्या. आजवर त्यात पापड-कुरडयांचे डबे राहिले. ह्यांच्या मनात आहे की यंत्र बसवून त्याचा खराखुरा फ्रिज करावा. एक मिस्त्री बघून गेला. मागून मोठं भोक पाडतो आणि संध्याकाळपर्यंत गार करून देतो म्हणाला. सासूबाई म्हणतात, कपाटाला करवत लागलेली मला चालणार नाही. घरात दोन लहान मुलंही आहेत. काय करावं?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : ताई, फ्रिज होईल आणि सासूबाईंचा शब्दही राहील. मिस्त्रीला मात्र थांबवा. संध्याकाळपर्यंत तो गार करून देईल यात शंका नाही. बंद पेटीत चालू कॉइल (गार करणारी नळी) ठेवली की कुठलीही पेटी गार होते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता ती गार राहते का, आणि श्रावणात तिच्या तळाशी पाणी साचतं का, हे बघायला मिस्त्री येणार नाही.

तुमच्या ह्यांची कल्पना वेडगळ आहे असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत केल्व्हिनेटर, फ्रिजिडेअर यांनी धंद्याची सुरुवात अशीच केली होती. गिऱ्हाइकाच्या घरात बर्फाचं कपाट असायचंच. त्याच्या बर्फाच्या कप्प्यात कॉइल बसवायची, कॉम्प्रेसर तळघरात ठेवायचा आणि मधून नळ्या न्यायच्या. अख्खा तयार फ्रिज विकणं पुढे आलं. आपल्याकडे गोदरेजचा पहिला फ्रिज १९५८ चा.

आता कपाटाकडे वळू. यंत्र सगळ्यात शेवटी. आधी भिंतीत काय भरलंय ते बघायचं. जुन्या कपाटांत लाकडाचा भुसा, बुचाचे तुकडे, कोळशाची पूड, पेंढा, जे मिळेल ते भरत. भुशाला हसू नका. १८३३ साली बॉस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज गोठलेल्या तळ्यांतला बर्फ भरून निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं, तेव्हा निम्म्याहून जास्त बर्फ शाबूत होता. पुढे मुंबई-मद्रासलाही तो येऊ लागला. त्या सगळ्या धंद्याचा जीव लाकडाच्या भुशात होता. अट एकच, भुसा कोरडा पाहिजे. गारवा भुसा धरत नाही, त्याच्यात अडकलेली हवा धरते. हवेच्या जागी पाणी शिरलं की भिंतीचा उपयोग संपला, कारण पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं.

तुमच्या मापांवरून मी हिशेब केला. भिंतीत दोन इंच कोरडा भुसा आहे असं धरू. बाहेर ३८ अंश, आत ५ अंश, तर भिंतींतून साधारण ९५ वॅट उष्णता आत येईल. तेवढ्यासाठी बर्फ वापरायचा तर दिवसाला २४-२५ किलो लागेल. त्याच जागी दोन इंच पफ शीट (फ्रिजच्या भिंतीत असतो तसल्या कडक फोमची) घातली तर उष्णता ४५ वॅटच्या आत येते. यात दार उघडण्याचा आणि दाराच्या रबरातून होणाऱ्या गळतीचा वाटा वेगळा. भुसा ओला असेल तर ९५ चा आकडा दुप्पट होतो, आणि मग १९० लिटरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर दिवसभर एकदाही बंद होत नाही. लोक म्हणतात, कॉम्प्रेसर कमजोर निघाला, मोठा टाका. कॉम्प्रेसर बिचारा भिंतीचं ओझं वाहत असतो.

ओला की कोरडा हे कपाट न उघडता कळतं. संध्याकाळी बर्फाच्या कप्प्यात आठ-दहा किलो बर्फ ठेवा, दार लावा आणि सकाळी उठल्या उठल्या बाहेरून सगळीकडे तळहात फिरवा. पाठ, दोन्ही बाजू, खालचे कोपरे, सगळं. लाकूड जिथे गार लागेल किंवा दमट लागेल तिथे आतला भुसा खाली बसलाय, नाहीतर भिजलाय. बहुतेक कपाटांत वरच्या चार बोटांत पोकळी सापडते आणि तळाचे कोपरे ओले असतात. तुमचं कपाट इतकी वर्षं पापड सांभाळत बसलंय, तेव्हा ते कोरडं असण्याचीच शक्यता जास्त. हे एक बरं झालं.

भुसा बदलायचाच झाला तर पाठीची फळी काढा. ती सहसा स्क्रूने बसवलेली असते. स्क्रू गंजले असतील तर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर राहू द्या, जोर करून डोकं घासू नका. आत भुसा किंवा बूच निघालं तर काढून टाका. राखाडी-पांढरं, तंतूतंतूंचं काही दिसलं तर हात लावू नका, झाडू नका, फळी परत लावा. ते अॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही.

रिकाम्या जागेत पफच्या शीट मापाने कापून बसवा. सुताराला फवारून फुगणारा फोम ओतू देऊ नका. तो फुगताना इतका जोर करतो की जुन्या फळ्या बाहेर पोट काढतात, आणि एकदा लाकडाला चिकटला की सात पिढ्या निघत नाही. शीट कधीही परत काढता येते. फटी अॅल्युमिनियमच्या टेपने बंद करा.

एक गोष्ट नव्वद टक्के कारागीर उलटी करतात. प्लॅस्टिक किंवा फॉइलचा दमट हवा अडवणारा थर गरम बाजूला, म्हणजे बाहेरच्या सागवानी फळीच्या लगेच आत यायला हवा. कारण दमट हवा बाहेरून आत शिरते आणि गार पत्र्यावर आदळून पाणी होते. आतला पत्रा त्या पाण्याला पुढे जाऊ देत नाही, मग ते भरावात मुरतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की भिंत खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी गार झाली तरी तिला घाम फुटतो. जुना पत्रा मागून बघायला मिळाला तर तळाशी पांढरी, खडूसारखी पूड धरलेली दिसेल. ती वर्षानुवर्षांच्या त्याच घामाची.

पत्र्याचं आणखी एक. तो बहुधा जस्ताचा असतो आणि सांध्यांना डाख लावलेला असतो. जुन्या डाखात शिसं असतं. जस्तही आंबट पदार्थात उतरतं. म्हणून ताक, कैरीचं पन्हं, चिंचेचा कोळ, कापलेलं लिंबू, काहीही उघडं ठेवून पत्र्याला टेकू द्यायचं नाही. पत्रा उचकटूही नका. स्टीलचे ट्रे बनवून जाळीवर ठेवा, बाकी सगळं झाकणाच्या डब्यात.

आता यंत्र. कॉइल कुठे बसवायची हे ज्याने कपाट बनवलं त्याने ठरवून ठेवलंय : बर्फाच्या जागी. त्या कप्प्याच्या तळाला तुम्हाला फटी दिसतील आणि एका बाजूला वर चढायची मोकळी वाट दिसेल. गार हवा जड, ती फटींतून खाली उतरते. दूध-भाजीची उष्णता घेऊन दुसऱ्या बाजूने वर चढते. पंख्याशिवाय चालणारं हे चक्र आहे. लोक जागा वाढवायला ती मधली आडोशाची फळी काढून टाकतात आणि मग तळाचं दूध नासतं. तिला हात लावू नका.

यंत्रासाठी एखादा जुना सिंगल डोअर फ्रिज शोधा, १६५ ते १९० लिटरचा, चालू स्थितीतला, पण दार किंवा बॉडी सडलेला. दोन गोष्टी बघून घ्या. पाठीवर उष्णता बाहेर टाकणारी काळी जाळी उघडी दिसली पाहिजे, आणि आतला फ्रीझर अॅल्युमिनियमचा सुटा डबा असला पाहिजे. हा डबाच तुमची कॉइल. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये जाळी बॉडीच्या पत्र्याआड दडवलेली असते, ती सोडवता येत नाही. उघड्या जाळीच्या फ्रिजमधून फ्रीझरचा डबा, कॅपिलरी, कॉम्प्रेसर आणि जाळी अशी अख्खी माळ नळी न कापता बाहेर येते. गॅस जिथल्या तिथे राहतो, ना झाळकाम ना चार्जिंग. फक्त कॅपिलरी जपा. ती शेवयांएवढी बारीक नळी असते. हाताने सावकाश, मोठ्या वळणात वाकवा. एकदा मुडपली की सगळं मुसळ केरात.

आणि भोक? भोक पाडायचंच नाही. बर्फाच्या कप्प्यामागची मूळ फळी सोडवा, जुन्या सुती साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. तिच्या जागी त्याच मापाची मरीन प्लायची फळी बसवा आणि कापाकापी त्या प्लायमध्ये करा. पत्र्याची मागची बाजू त्या ठिकाणी कापावी लागेल, तेवढं सासूबाईंना आधी सांगून ठेवा. कापलेला तुकडाही फळीसोबत ठेवा. कॉम्प्रेसर आणि जाळी कपाटाच्या पाठीमागे लोखंडी अँगलच्या सुट्या चौकटीवर उभी करा. कपाटाच्या पायांखाली कोंबू नका. तिथे जागा अपुरी पडते आणि गरम हवा अडकून राहते. घराची भिंत आणि जाळी यांत चार बोटं अंतर हवं. उद्या नातवाला वाटलं की हे नको, तर चौकट ओढून बाजूला, प्लाय काढायची, जुनी फळी परत लावायची.

गॅसबद्दल सांगतो, कारण इथे जीवाचा प्रश्न आहे. फ्रिजच्या मागच्या पट्टीवर गॅसचं नाव छापलेलं असतं. आर १३४ए असेल तर तो पेट घेत नाही, तुमच्या कामाला तोच बरा. आर ६००ए असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. फ्रिजमध्ये तो जेमतेम ४०-५० ग्रॅम असतो म्हणून लोक गाफील राहतात. पण हवेत दोन टक्क्यांच्या आतबाहेर तो मिसळला की ठिणगीने पेटू शकतो. तुमच्या कपाटाच्या आतली जागा सव्वादोनशे लिटरच्या आसपास. तिथे १० ग्रॅम गळला तरी तेवढं प्रमाण भरतं. कंपनीच्या फ्रिजमध्ये याचा विचार करून स्विच, दिवा बसवलेले असतात, घरगुती जोडकामात नसतात. हाच गॅस असेल तर थर्मोस्टॅट (गारव्यानुसार कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच) कपाटाच्या बाहेर, त्याची फक्त नळी आत, आतला दिवा रद्द. त्या नळ्यांजवळ झाळकामाचा टॉर्च पेटवणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवा.

थर्मोस्टॅट जुन्या फ्रिजचा वापरू नका. तो फ्रीझरसाठी लावलेला असतो, तुमच्या कपाटात खालची पालेभाजी गोठवेल. के५९ जातीचा मागा. तो कॉइल शून्याच्या वर, चार-पाच अंशांना आल्याशिवाय कॉम्प्रेसर पुन्हा चालू करत नाही, त्यामुळे कॉइलवरचा बर्फ प्रत्येक फेरीत आपोआप वितळतो. मग आइस्क्रीम ठेवता येणार नाही. घरात दुसरा फ्रिज असेलच.

वितळलेलं पाणी कपाटाच्या जुन्याच, बर्फाचं पाणी जाणाऱ्या नळीने खाली जाऊ द्या. तिला खाली इंग्रजी यू अक्षरासारखं वळण द्या म्हणजे त्यात पाणी अडून राहील. नाहीतर त्या नळीतून गरम हवा आणि झुरळं दोन्ही वर चढतात. पाणी कॉम्प्रेसरच्या डोक्यावरच्या ट्रेमध्ये सोडलं की त्याच्या उष्णतेने उडून जातं.

आता मुलं. तुमच्या कपाटाची पितळी कडी बाहेरून खटकन लागते आणि आतून उघडत नाही. लपंडावात मूल आत शिरलं आणि दार लागलं तर आत हवा किती वेळ पुरणार? अमेरिकेत अशी मुलं गेली म्हणून १९५६ मध्ये कायदा झाला की फ्रिजचं दार आतून ढकलून उघडलंच पाहिजे. आज चुंबकाची पट्टी असते ती त्यामुळे. तुम्ही कडीची जीभ काढून टाका, बाहेरचं पितळ शोभेला राहू द्या. दाराला चुंबकी रबर आणि चौकटीला पोलादी पट्टी लावा, कारण चुंबक सागवानाला चिकटत नाही. रबर नीट बसलंय का हे दहाची नोट दारात धरून बघा. ओढल्यावर अडली पाहिजे, चारही बाजूंना. हे काम यंत्र बसवायच्या आधी करा, आजच केलंत तरी चालेल.

पितळ चमकवायला भांडी बाजारातल्या कारागिराकडे द्या. पॉलिशचं तुमचे सुतार बघतील.

सगळं जुळल्यावर पाण्याचा पेला मधल्या फळीवर ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा आणि एक दिवस दार फारसं न उघडता राहू द्या. पाणी ३ ते ५ अंशांत आलं तर दूध ठेवायला हरकत नाही. ८-९ वर अडकलं तर कॉम्प्रेसरकडे बघू नका, रबर आणि भिंत पुन्हा तपासा. कॉम्प्रेसरचं अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. लोखंडी चौकट, ओलं लाकूड आणि अनवाणी पाय एकत्र येणार आहेत.

प्रश्न : आमच्याकडेही लहानसं बर्फाचं कपाट आहे. भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो गॅस, कॉम्प्रेसर काही नको, ऑनलाइन पेल्टिअरच्या चकत्या मिळतात, आवाजही नाही.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : भाच्याला चकतीची मागची बाजू किती तापते ते विचारा. ती चकती उष्णता एका बाजूकडून दुसरीकडे ढकलते, पण दोन्ही बाजूंत तीस अंशांचं अंतर पडलं की ६० वॅट वीज खाऊन जेमतेम १५-२० वॅट उष्णता ओढते. वरच्या ताईंच्या कपाटाला कोरड्या भुशावर ९५ वॅट लागतात. म्हणजे पाच-सहा चकत्या, त्यांचे पंखे, जाड अॅल्युमिनियमचे ठोकळे आणि अहोरात्र तीन-साडेतीनशे वॅट. आवाज नाही म्हणता म्हणता पंख्यांचाच आवाज येईल. औषधांच्या छोट्या डब्यासाठी, गाडीतल्या पेटीसाठी चकती छान. भाच्याला कॉलेजच्या प्रोजेक्टला ती वापरू द्या, कपाटाला नाही.

प्रश्न : काका, मला दूध-भाजी ठेवायचीच नाही. आमच्याकडे पाहुणे येतात, चार बाटल्या वाइन असते. जुन्या लाकडी कपाटात ती ठेवली तर?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : नाशिककराचा प्रश्न! तुमचं काम सगळ्यात सोपं. वाइनला १२ ते १४ अंश पुरतात. बाहेर ३८ असताना ५ अंशांपर्यंत उतरायचं तर ३३ अंशांचं अंतर, १४ पर्यंत उतरायचं तर २४ चं. भिंतीतून येणारी उष्णता पाव हिश्शाहून जास्त घटते. भुसा कोरडा असेल तर तो तसाच राहू द्या, पफच्या खर्चात पडू नका. भिंतीही घाम कमी धरतील. साध्या फ्रिजच्या थर्मोस्टॅटवर १४ अंश मिळत नाहीत. बाहेर लावायचा डिजिटल कंट्रोलर घ्या आणि त्याचा सेन्सर बाटलीच्या उंचीवर, कॉइलपासून लांब टांगा. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवा. दार पूर्ण लाकडी असू द्या. काचेचं दार बसवायचा मोह होईल, पण काचेतून उन्हाचा उजेड आणि उष्णता दोन्ही आत येतात.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी असंच कपाट करून घेतलं. छान चालतं, पण लाइट गेली आणि लगेच आली की कॉम्प्रेसर गुरगुरतो, टक् करून बंद पडतो, मग थोड्या वेळाने चालतो. खराब झाला का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : अजून नाही, पण असाच सोडला तर होईल. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर एका बाजूला जास्त दाब आणि दुसरीकडे कमी अशी स्थिती असते. कॅपिलरी बारीक, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या व्हायला तीन-चार मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली की मोटर दाबाविरुद्ध उठायचा प्रयत्न करते, उठत नाही, गुरगुरते, तापते, आणि ओव्हरलोड, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा स्विच, तिला तोडतो. तो ‘टक्’ ओव्हरलोडचा. वीज आल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबून मग चालू करणारा स्टॅबिलायझर मिळतो, तो लावा. घेताना दुकानदाराला ‘टाइम डिले आहे का’ असं स्पष्ट विचारा, स्वस्तातल्या काहींत नसतो. पाच मिनिटं थांबूनही गुरगुरत असेल तर रिले (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग) बदलून बघा. आणि तेवढ्यानेही उठला नाही, तर वीज चालू असताना सॉकेटमधला व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून कळवा, मग पुढचं सांगतो.